पाहुण्या रोपांचं खारं पाणी

आमचं घराणं कारकुनांचं. पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात, आजोबा त्याच खात्यात, वडील तहसील कचेरीत. संशय आमच्याकडे कुळाचारासारखा पाळला जायचा. वडील म्हणायचे, ‘चहा नको तितका गोड लागला की कप खाली ठेवायचा आणि समोरच्याचं आपल्याकडे काम काय आहे ते विचारायचं.’ मी पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, पण ही शिकवण काही सुटली नाही. त्यामुळे आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावून स्वतःहून चहा मागवला तेव्हाच माझे कान टवकारले.

सर म्हणाले, श्रीलंकेहून एक संशोधक बाई येणार आहेत. दोन्ही देशांचा मिळून प्रकल्प आहे. खारफुटीची रोपं आपल्याकडे वाढवायची, त्यांना कमीजास्त खारं पाणी द्यायचं आणि कोणतं रोप किती खारेपणा सोसतं ते बघायचं. त्यांच्या बाजूनं त्या, आपल्या बाजूनं मी.

खारफुटी म्हणजे खाडीकाठच्या चिखलात उभं राहणारं जंगल. भरतीला निम्मं बुडतं, ओहोटीला मुळं उघडी पडतात. वादळाचा आणि लाटांचा मार ते अंगावर घेतं, म्हणून मागची गावं टिकतात. आमच्या शहरात खाडी नाही, भरती नाही, आणि त्या वर्षी तर साधं प्यायचं पाणीही नव्हतं. धरणाचा तळ दिसत होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नळाला पाणी तेव्हाही ठरल्या वारी यायचं आणि आताही ठरल्या वारीच येतं. जगात एवढे किनारे पडलेले असताना समुद्राची झाडं घेऊन कुणी मराठवाड्यात का यावं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

‘आपल्याकडेच का, सर?’ मी विचारलं.

‘आपलं शेड आहे ना,’ सर म्हणाले आणि बिस्किटं पुढे केली.

शेड होतं हे खरं. कालव्याच्या पाण्यानं खारवटलेल्या जमिनीत कुठली पिकं तग धरतात याचे प्रयोग आमच्याकडे पूर्वी चालायचे. त्यासाठी कॉलेजच्या मागे पत्र्याचं आणि हिरव्या जाळीचं एक शेड बांधलेलं होतं. पण सरांना परदेशवारीचे डोहाळे लागले होते, हेही तितकंच खरं. त्यांनी पासपोर्ट काढून घेतला होता आणि तो ते टेबलाच्या वरच्याच खणात ठेवायचे.

बाई आल्या. बाई कसल्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, सावळी, तरतरीत मुलगीच म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं मला ‘अक्का’ म्हणून हाक मारली. त्यांच्या भाषेतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, असं तिनं सांगितलं. आल्या आल्या नातं जोडणारं माणूस आमच्या घरात बैठकीच्या पुढे येऊ देत नसत. मी हसले आणि ‘मॅडम म्हटलं तरी चालेल’ असं इंग्रजीत सांगितलं. आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो. ती मात्र शेवटपर्यंत अक्काच म्हणत राहिली.

तिनं बरोबर बी आणलं होतं. या झाडाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या लांबट शेंगेसारखं खाली लोंबतं. चिखलात खोचलं की झालं. तिचं बी तिच्या गावच्या खाजणातलं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतलं, आणि त्याच जातीचं आपलं बी मी कोकणातल्या एका खाडीवरून आणलं. दौलताबादच्या बाजूला एका आटलेल्या तलावातून गाळ काढायचं काम चाललं होतं, तिथून ट्रॉलीभर गाळ आणून आम्ही कुंड्या भरल्या. निळी प्लास्टिकची पिंपं अर्धी कापून त्यांचे टब केले, टबात खारं पाणी आणि त्या पाण्यात निम्म्या बुडालेल्या कुंड्या. पहिल्या टबात जेमतेम खारट, पुढे वाढत वाढत शेवटच्या टबात समुद्रापेक्षाही खारट. तिच्या टबांना लाल रंगाचा पट्टा, आपल्या टबांना पांढरा. औरंगपुऱ्यात खडेमीठ घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं पोत्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. ‘मॅडम, इत्ता नमक? अचार का कारखाना डाल रहे क्या?’ त्याचाही माझ्यावर संशय. मला माणूस आवडला.

तिला मी पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं, ‘समुद्रकाठची कॉलेजं सोडून तुम्ही इथं का आलात?’

‘इथे समुद्र नाही म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘परदेशी बी किनाऱ्यावर नेलं आणि चुकून एखादं वाहून गेलं, तर ते तुमच्या खाडीत रुजेल, तिथल्या झाडांत मिसळेल. इथून निसटलं तर कुठं जाईल? उन्हात वाळून जाईल. या कामाला तुमच्या शहरापेक्षा सुरक्षित जागा नाही.’

उत्तर चोख होतं. इतकं चोख की ते मला पाठ केल्यासारखं वाटलं.

तिच्या गावची हकिकत तिनं नंतर सांगितली, एकदम नाही, कुंड्या भरता भरता तुकड्यातुकड्यानं. समुद्राच्या मोठ्या लाटेत तिच्या खाजणाकाठची खारफुटी उपटली गेली होती. मागे गाव उघडं पडलं. गावातल्या बायकांना जमवून तिनं दोनदा लागवड केली आणि दोन्ही वेळा रोपं मेली. पाऊस कमी झाला होता, गोडं पाणी आणणारा चर गाळानं बुजला होता आणि खाजणातलं पाणी दर उन्हाळ्यात जास्तच खारट होत होतं. आता गावापुढे दोन वाटा होत्या. त्यांचं बी एवढा खारेपणा सोसत असेल तर येत्या पावसात सरळ लागवड करायची. सोसत नसेल तर आधी सगळ्या गावानं राबून चर उकरायचा, गोडं पाणी आत आणायचं आणि लागवडीला वर्षभर थांबायचं. यातलं काय करायचं ते ती जूनमध्ये परत जाऊन सांगणार होती.

‘तिसऱ्यांदा मेली तर बायका माझ्या हाकेला येणार नाहीत,’ ती म्हणाली. ‘आणि त्यांचं बरोबरच असेल.’

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटायला लावणं हाही लोकांचा एक धंदा असतो, हे मी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात लहानपणीच पाहिलं होतं.

शेडचं रोजचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. इतकी वर्षं काम करूनही ते रोजंदारीवर होते आणि कायम होण्याचा त्यांचा कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडकलेला असायचा. मुकुंदवाडीत राहायचे, सायकलवर यायचे. सकाळी शेड उघडायचं, उन्हानं टबातलं जेवढं पाणी उडालं असेल तेवढी गोड्या पाण्याची भर आखलेल्या रेघेपर्यंत घालायची, जाळी ओढायची, एवढं त्यांचं काम. दर सोमवारी मी आणि ती, दोघी मिळून, टबातल्या पाण्याचा खारेपणा मोजायचो. त्यासाठी एक छोटी नळी होती. तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे बघायचं, आत रेघ दिसते.

ही भर घालायची म्हणजे पाणी लागायचं, आणि पाण्यावर सगळ्यांचा डोळा होता. कॉलेजच्या मागे पूर्वी मोकळं रान होतं. तिथं दोन वर्षांत फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. दर आठवड्याला नवी बोअर मारल्याचा आवाज यायचा, आणि बहुतेक वेळा धूळच वर यायची. गॅलरीत उभं राहिलं की लोकांना आमचं शेड दिसायचं, हिरवीगार पानं दिसायची. एकदा तिथल्या एक बाई फाटकापाशी येऊन मला म्हणाल्या, ‘आमच्याकडं टँकरसाठी चिठ्ठ्या टाकायची येळ आलीया, अन् तुमी परदेशी झाडं जगवून राहिल्या.’ पाणी खारं आहे, पिण्यासारखं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता.

मार्चअखेर आम्ही खारेपणा शेवटच्या पायरीपर्यंत चढवला. अपेक्षा अशी होती की शेवटच्या दोन टबांतली रोपं कोमेजायला लागतील, मग कुठली आधी आणि कुठली नंतर एवढंच बघायचं. कोकणातली रोपं ठरल्याप्रमाणे पिवळी पडली. तिची मात्र तजेलदार उभी. एप्रिलमध्ये त्यांना नवी पानं फुटली. समुद्रापेक्षा खारट पाण्यात, मराठवाड्याच्या उन्हात, नवी पानं.

सर खूश झाले. रोज कुणाला ना कुणाला शेड दाखवायला आणू लागले. तीही हसत होती, पण तिचं हसू मला जरा उशिरानं येणारं वाटायचं. मी विचार करू लागले. हे बी चांगलं ठरण्यात कुणाचा फायदा? तिचा. तिला गावात मान मिळेल, प्रकल्पाचा पुढचा टप्पा मिळेल. उद्या तिच्या बियाचं नाव होईल आणि आपलं कोकणातलं बी कुचकामी म्हणून कागदावर चढेल. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी घरी वडिलांना म्हणाले. वडील नव्वदीला टेकलेले, पण डोळे चमकले. ‘मोजता काय तुम्ही?’ त्यांनी विचारलं. पाणी, मी म्हटलं. ‘झाडं पाण्यात आहेत की चिखलात?’

कारकुनाला वनस्पतिशास्त्र कळत नाही. पण कुठल्या रकान्याकडे कुणी बघत नाही, ते त्याला बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेडमध्ये गेले. लाल पट्ट्याच्या टबांतल्या कुंड्यांत वाकून पाहिलं तर चिखलात बोटं घातल्याच्या खुणा. ताज्या खुणा, मुळांच्या अगदी जवळ. पांढऱ्या पट्ट्याच्या कुंड्यांमध्ये एकही नाही. म्हणजे कुणीतरी फक्त तिच्याच रोपांना हात लावत होतं. तिच्याशिवाय दुसरं कोण लावणार?

त्यातच आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर रविवारी ती पांढरे कपडे घालून, खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडायची. कुठं जाते ते मला कधी सांगायची नाही. एका रविवारी मी रस्त्याच्या पलीकडे भाजी घेत असताना तिला रिक्षावाल्याला सांगताना ऐकलं, ‘मुकुंदवाडी स्टेशन.’ मुकुंदवाडीत तिचं कोण? मामा. शेडची किल्ली कुणाकडे? मामांकडे. दोन अधिक दोन करायला मला कागद लागला नाही. सोमवारी मी मामांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं.

‘व्हय, येतात की त्या आमच्याकडं,’ मामा म्हणाले. ‘वंदनेला येतात. आमचं पाली अन् त्यांचं पाली येकच हाये, मॅडम. बुद्धं सरणं म्हटलं की त्या बी आमच्यासंगं म्हणतात. सारी गल्ली जमा व्हती. माझी बायको म्हणती, येवढ्या लांबून आली अन् आपलंच बोलती.’

हे खरं होतं. खरं आहे हे मला ऐकताक्षणीच कळलं. तरीही मी मनात म्हटलं, वंदनेच्या आधी आणि नंतर काय बोलतात ते कुणी ऐकलंय? माझा संशय असा सहजासहजी हार मानणारा नव्हता.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. भर दुपारी सगळं शहर दारं लावून बसलेलं असतं, तेव्हा मी पर्समध्ये रुमाल आणि ती खारेपणाची नळी घेऊन शेडमध्ये गेले. शेवटच्या लाल टबातल्या कुंडीतला मूठभर चिखल काढायचा, रुमालात पिळायचा आणि त्याचं पाणी मोजायचं, असा बेत होता. जाळी बाजूला केली तर आत ती. गुडघ्यांवर बसलेली, हाताला चिखल, बाजूला चहाची गाळणी आणि तिची स्वतःची नळी.

माझ्या पर्समधून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं, ते तिनं पाहिलं. मग ती म्हणाली, ‘अक्का, तुम्ही रुमाल कशाला आणलात?’

‘तू गाळणी कशाला आणलीस?’

ती उठली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘महिनाभर मी हा चिखल तपासते आहे. टबातलं पाणी खारं आहे. कुंडीतला चिखल गोडा आहे. माझ्या रोपांना कुणीतरी वरून गोडं पाणी घालतंय. मला वाटलं, तुम्ही.’

मला हसू आलं आणि रागही आला. ‘मी कशाला घालीन?’

‘माझा निकाल खोटा ठरावा म्हणून. उद्या कुणी पुन्हा तपासला की मी लबाड ठरेन आणि प्रकल्प तुमच्याकडे राहील. असं होतं, अक्का. आमच्याकडे झालेलं आहे.’

पहिल्यांदाच ही मुलगी मला आपल्या माणसासारखी वाटली. नाती जोडून मला जवळीक वाटत नाही. पण समोरच्यालाही माझ्यासारखीच झोप लागत नाही हे कळलं की वाटते. मी खाली बसले, रुमाल काढला, आणि आम्ही दोघींनी एकेका कुंडीतला चिखल पिळून बघितला. पांढऱ्या पट्ट्याच्या सगळ्या कुंड्या खाऱ्या. लाल पट्ट्याच्या सगळ्या गोड्या. शेवटच्या टबातल्या कुंडीतलं पाणी तर मी जिभेला लावून बघितलं. मातीची चव होती, मिठाची नव्हती.

मग तिनं उरलेलं सांगितलं. आठच दिवसांपूर्वी तिनं गावी फोनवर सांगून टाकलं होतं की बी चांगलं टिकतंय, बहुतेक लागवड करता येईल. चिखलाचा संशय असतानाही सांगितलं होतं, कारण पलीकडून बायका रोज विचारत होत्या आणि तिलाही ते खरं व्हायला हवं होतं. आता गावात बी गोळा करायला सुरुवात झाली असेल, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही शेडशेजारच्या कोठीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं मामांची सायकल आली. हँडलला पांढरा कॅन अडकवलेला. त्यांनी शेड उघडलं, जाळी सारली, नेहमीप्रमाणे एकेक टब बघितला. मग कॅनमधलं पाणी तांब्यात ओतून, लाल पट्ट्याच्या एकेका कुंडीत, रोपाच्या बुडाशी, हलक्या हातानं घातलं. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते दचकलेसुद्धा नाहीत.

‘मामा, हे काय?’

‘पाणी हाये, मॅडम. घरचं. प्यायचं.’

‘यांना खारं पाणीच द्यायचं, असं सांगितलं होतं ना तुम्हाला?’

‘व्हय. टबात खारंच हाये की. तुमच्या रेघेच्या वर मी जाऊ देत नाय. पर इतक्या लांबून आलेले पाव्हणे. उन्हाळ्यात दारात कुत्रं आलं तरी आपण पाणी ठेवतो, अन् ह्यांला मीठ पाजायचं? माझ्यानं बघवंना. बायकोला सांगितलं तर ती म्हणली, न्हे आपल्यातलं.’

‘मग कोकणातल्या रोपांना का नाही घातलं?’

मामांना माझा प्रश्नच कळला नाही. ‘ती तर आपल्या घरची हायेत,’ ते म्हणाले. ‘घरच्यानं सोसायचं. आधी पाव्हण्याचं.’

ती माझ्याकडे बघत होती. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, काही गाळलं नाही. ती पालथ्या टबावर बसली. मग म्हणाली, ‘त्यांच्या घरी दर रविवारी मला तांब्याभर पाणी देतात. मी नको म्हटलं तरी.’ आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा जीव तुटला, हे मी सरळ सांगते. मामा घाबरले. आपलं काहीतरी भयंकर चुकलंय एवढं त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, काय चुकलं ते मात्र कळेना.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळात लोक टँकरपाशी हंडे आपटतात, शेजाऱ्याशी भांडतात, स्वतः दोन घोट कमी पितात, पण उंबऱ्यात आलेल्याला आधी पाणी पुढे करतात. विचारत नाहीत, देतात. आम्ही सगळी काळजी घेतली होती. उंदरांची घेतली, पाखरांची घेतली, शेजारच्या फ्लॅटवाल्यांची घेतली. पाहुणचारापासूनही जपायचं असतं, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आम्ही सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. ‘रोपं जिवंत आहेत ना?’ ते म्हणाले. ‘फोटो आहेत. मोजमाप टबातल्या पाण्याचं ठरलं होतं, ते तसंच झालं. त्यात खोटं काय आहे?’

हे वाक्य माझ्या वडिलांना फार आवडलं असतं. त्यात खरोखरच काही खोटं नव्हतं. पुढचा टप्पा मिळाला असता, सरांचा पासपोर्ट खणातून बाहेर आला असता, माझंही नाव झालं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. गप्प बसली तर गावात आज मान, आणि दोन वर्षांनी काय व्हायचं ते होईल. दोष तेव्हा पावसालाही देता येतो. ती आता काय करते ते बघायला मी टपून बसले होते, खोटं कशाला बोलू?

‘निकाल बाद करायचा,’ ती म्हणाली. ‘आम्हाला माहीत नाही, असं लिहायचं.’

‘पाणी कुणी घातलं?’ सरांनी विचारलं.

‘चूक आखणीची आहे,’ ती म्हणाली. ‘चिखल मोजायला हवा होता. आम्ही दोघींनी नाही मोजला.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मामांचा कायम होण्याचा कागद त्या वेळी सरांच्याच टेबलावर होता. मी म्हटलं, ‘बरोबर आहे. आखणीचीच चूक आहे.’ आणि तिच्या सहीखाली मी सही केली. कागदाची मागची बाजू न बघता केलेली ती माझी पहिली सही असावी.

त्याच संध्याकाळी शेडच्या दारात उभं राहून तिनं आईला फोन केला. मला त्यांची भाषा कळत नाही. ती थोडंसं बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘आई विचारते, लोकांना आता कोणत्या तोंडानं सांगू?’ आणि काही दिवसांनी ती गेली. जाताना मुकुंदवाडीला जाऊन आली. मी स्टेशनवर सोडायला गेले. तिनं अक्का म्हटलं आणि मी काही दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या वर्षी प्रयोग पुन्हा लावला. तिनं रीतसर परवानग्या काढून नवं बी पाठवलं. पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता, मागे आणखी दोन इमारती उठल्या होत्या. या वेळी टबातलं पाणी मोजायचं आणि कुंडीतला चिखलही. मामांना मी समोर बसवून सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांनी शब्द पाळला, हे मी खात्रीनं सांगते, कारण सुरुवातीला मी कोठीत बसून पाहत होते. मिठाचं पाणी आता मामाच ओतायचे. ओतताना तोंड दुसरीकडे करायचे.

एप्रिल संपायच्या आत शेवटच्या दोन टबांतली तिची रोपं गेली. आधी पानांच्या कडा जळल्या, मग पानं गळाली, मग खोडं काळी पडली. कोकणातली त्यांच्यानंतर गेली. मी तिला आकडे कळवले. तिचं उत्तर आलं, सोबत एक फोटो. गावानं कुरकुरत का होईना, चर उकरला होता. बायकांनी आधी तिला खूप बोलून घेतलं, मग फावडी घेतली. खाजणात गोडं पाणी आलं होतं आणि जिथपर्यंत ते पोचलं तिथपर्यंतच त्यांनी थोडी लागवड करून पाहिली होती. ती रोपं उभी होती. फोटोत चिखलात गुडघाभर उभ्या बायका आणि हिरव्या रोपांची रांग. मी तो मोठा करून, मागची झाडं तिनं पूर्वी दाखवलेल्या खाजणाच्या फोटोतल्या झाडांशी ताडून बघितली. जागा तीच होती.

मला फार आनंद झाला होता. मी तडक शेडमध्ये गेले. मामा शेवटच्या लाल टबातून मेलेल्या रोपांच्या कुंड्या उचलून बाहेर ठेवत होते. मी त्यांना फोटो दाखवला. म्हटलं, ‘मामा, बघा. गेल्या वर्षी आपण निकाल बाद झाल्याचं कळवलं नसतं, तर हे सगळं मेलं असतं. इतक्या खाऱ्यात टिकत नाहीत हे आता पक्कं झालं. या रोपांमुळं पुढची सगळी वाचणार आहेत.’

मामांनी हात पुसून फोटो घेतला. बायका बघितल्या, रोपं बघितली, पाणी बघितलं. मग मला फोन परत दिला.

‘वाचली हे लई चांगलं झालं, मॅडम,’ ते म्हणाले. ‘पर ही आपल्या दारात तहानलेली मेली.’